फाइल कोणी उघडली?

रुग्णालयाच्या संगणक प्रणालीची देखभाल करणाऱ्या माणसाकडे रुग्ण सहसा येत नाहीत. माझ्याकडे आली ती आमच्याच रुग्णालयातील एक परिचारिका. आदल्या दिवशी इंजेक्शन देताना तिला वापरलेली सुई टोचली होती. अशा वेळी एचआयव्हीची तपासणी करून, धोका वाटल्यास ७२ तासांच्या आत औषधे सुरू करतात आणि ती २८ दिवस चालतात. तिच्याबाबतीत नेमके तेच झाले होते. मात्र तिचा अहवाल प्रयोगशाळेतून बाहेर पडायच्या आतच कँटीनमध्ये तिच्या ‘आजारा’ची चर्चा रंगली होती. “सर, माझी फाइल कोणी कोणी उघडली, ते मला लेखी हवंय,” ती म्हणाली.

प्रणाली प्रत्येक फाइलची नोंद ठेवते: कोणत्या लॉगिनने, कोणत्या संगणकावरून, किती वाजता. उपचार करणारे डॉक्टर, प्रयोगशाळा आणि औषधालय यांच्या नोंदी अपेक्षितच होत्या. त्यांच्याखाली, पाळी बदलण्याच्या वेळेची, तिचा काहीही संबंध नसलेल्या एका वॉर्डातील संगणकावरची नोंद होती. ‘तपासण्या’ आणि ‘औषधे’ एवढेच दोन भाग उघडून मिनिटभरात फाइल बंद केली होती. वापरकर्त्याच्या नावाच्या जागी फक्त वॉर्डाचा क्रमांक होता. ते लॉगिन सगळा वॉर्ड वापरत असे आणि त्याचा पासवर्ड कीबोर्डच्या पाठीमागे चिकटवलेला होता. त्या वेळी जाणारी आणि येणारी अशा दोन्ही पाळ्यांची माणसे तिथे होती. त्यामुळे फाइल कोणी पाहिली, हे त्या नोंदीवरून कधीच सिद्ध होणार नव्हते.

“माहिती बाहेर तर गेली नाही ना?” असे व्यवस्थापनातील एका वरिष्ठांनी विचारले. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला होऊन तिथले कामकाज कित्येक दिवस कागदावर चालवावे लागले, तेव्हापासून आमच्याकडेही फायरवॉल आणि बॅकअप यांवर सढळ हाताने खर्च झाला होता. पण इथे पाहणारा आतलाच होता आणि त्याच्यासाठी दार आम्हीच उघडे ठेवले होते.

एचआयव्ही-एड्सविषयीच्या २०१७ च्या कायद्यात तपासणी झाल्याची माहितीसुद्धा एचआयव्हीसंबंधी माहितीतच मोडते, आणि वीस किंवा अधिक माणसे काम करत असलेल्या आरोग्यसंस्थेला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. आमच्याकडे तो कागदोपत्री होता. तिने त्यांच्याकडे रीतसर तक्रार दिली आणि मी नोंदींची प्रत जोडली. तरीही फाइल हलली ती २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातील २५० कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाचा आकडा कोणीतरी बैठकीत वाचून दाखवल्यावरच, हेही सांगितले पाहिजे.

सामाईक लॉगिने बंद झाली. अत्यवस्थ रुग्णासमोर पासवर्ड टाकत बसायचे का, ही डॉक्टरांची तक्रार रास्त होती. म्हणून कार्ड टेकवून आत जाण्याची सोय केली. स्वतःकडे नसलेल्या रुग्णाची फाइल आणीबाणीत आजही उघडता येते, फक्त आधी कारण लिहावे लागते. त्या रकान्यात काही जण नुसता एक टिंब देऊन पुढे जातात. अशा नोंदींची यादी दर सोमवारी विभागप्रमुखांकडे जाते, आणि टिंब देणाऱ्यांना मी स्वतः फोन करून कारण विचारतो.