क्लिक बंद केला तो दिवस

सकाळपासून एकाच गाण्याचे ११ टेक, म्हणजे ध्वनिमुद्रणाचे ११ प्रयत्न, झाले होते आणि एकही लागला नव्हता. सूर बरोबर, शब्द बरोबर, गिटार क्लिकवर, म्हणजे हेडफोनमध्ये वाजणाऱ्या ठरलेल्या लयीच्या टकटकीवर, चोख. पण मी ध्वनिमुद्रक असून मला तो टेक पुन्हा ऐकावासा वाटेना. गायिका लोकगीतं गातच वाढलेली, पुढे रॉक बँडकडे वळलेली, गाणी स्वतः लिहिणारी. हा तिचा तिसरा अल्बम.

गिटार डॅडगॅडमध्ये लावलेली होती, म्हणजे पहिली, दुसरी आणि सहावी तार एकेक स्वर उतरवलेली. डेव्ही ग्रॅहम या ब्रिटिश गिटारवादकामुळे १९६० च्या दशकात लोकसंगीतवाल्यांत रुजलेलं हे ट्यूनिंग. धड मेजर (उजळ) नाही, धड मायनर (उदास) नाही. मोकळ्या तारा तंबोऱ्यासारख्या मागे घुमत राहतात. सहावी तार ८२ हर्ट्झवरून ७३ वर आली की सैल पडते, जोरात छेडली तर क्षणभर चढी लागते. ती तर जोरातच छेडणारी!

दुपारी म्हटलं, "हेडफोन काढ आणि नुसतं गा." मी मांडीवर ठेका धरला आणि चुकलो. दुसऱ्या ओळीआधी ती अर्धी मात्रा थांबत होती. दर कडव्याला, नेमकी तिथेच. ती गाण्याची चालच होती आणि क्लिक तिला तिथून पुढे रेटत होता.

क्लिक बंद केला. आता गाणं आणि गिटार एकदमच घ्यायची, म्हणजे एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरणार. दोन्हीकडे फिगर-एट माइक लावले. हा माइक पुढचं-मागचं ऐकतो, दोन्ही बाजूंना जवळपास बहिरा असतो. गिटारच्या माइकची बहिरी बाजू तिच्या तोंडाकडे केली, आवाजाच्या माइकची गिटारकडे. बोटभर सरकवला तरी फरक कळत होता. पाऊण तास त्यातच गेला, आणि त्या दिवसातलं माझं खरं काम तेवढंच.

ड्रमर काचेपलीकडे. त्याला सांगितलं, मोजू नकोस, तिच्या खांद्याकडे बघ. श्वास घेताना तिचा उजवा खांदा किंचित उचलला जायचा.

दुसरा टेक लागला. मिनिटाला ९२ ठोक्यांच्या लयीत सुरू झालेलं गाणं शेवटाला ८७ वर उतरलं होतं. त्या अर्ध्या मात्रेत ड्रमरच्या काठ्या हवेतच थांबलेल्या मी पाहिल्या.

पुढच्या गाण्याला तिने स्वतःहून क्लिक मागितला. त्यात लूप होता, ठरलेल्या लयीत परत परत वाजणारा मुद्रित तुकडा.