तुम्ही विचारलंत म्हणून: १८५९ सारखं सौर वादळ आलं तर मुंबईचे दिवे जातील का?

सूर्यावर मोठा स्फोट झाल्याची बातमी आली की पुढचे दोन-तीन दिवस हाच प्रश्न येत राहतो. १८५९ चं वादळ आज आलं तर मुंबई अंधारात जाईल का? त्या वादळात कुलाब्याच्या वेधशाळेत पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र किती घसरलं, हा आकडाही विचारणाऱ्याला बऱ्याचदा ठाऊक असतो: १६०० नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्राचं एकक). एवढी खोल घसरण आपल्या मुंबईत मोजली गेली, म्हणजे धोकाही मुंबईलाच सर्वांत जास्त, असा त्यामागचा विचार. तो बरोबर नाही. पण का नाही, हे कळायला आधी त्या आकड्याकडेच नीट बघावं लागतं.

कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची, आणि तिथली चुंबकीय मोजणी १८४१ पासूनची. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा जमिनीला समांतर असलेला भाग, म्हणजे क्षैतिज घटक, मुंबईत आज ३८-३९ हजार नॅनोटेस्ला आहे. तो क्षणोक्षणी किती हलतो हे मोजण्याची त्या काळची रीत अशी: चुंबक दोन समांतर धाग्यांवर टांगायचा आणि धाग्यांना पीळ देऊन तो पूर्व-पश्चिम आडवा धरून ठेवायचा. उत्तरेकडची ओढ जराशी कमी झाली की पीळ वरचढ होतो, चुंबक वळतो, आणि त्याच्यावरच्या आरशात दिसणारी मोजपट्टी दुर्बिणीतून वाचायची. चुंबक तापला की क्षीण होतो, म्हणून प्रत्येक वाचनाशेजारी तापमान लिहायचं आणि त्याची दुरुस्ती करायची. ती राहिली तर मुंबईची दुपारची उष्णताच वादळ म्हणून वहीत चढेल.

२ सप्टेंबर १८५९ ला सकाळी अकराच्या सुमारास हा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली गेला. म्हणजे चार टक्के. युरोपातल्या फोटोग्राफिक नोंदी कागदाबाहेर गेल्या होत्या. कुलाब्यात माणूस डोळ्याने वाचत होता, म्हणून आकडे टिकले. २००३ मध्ये आज नवीन पनवेलला असलेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतले गुरबक्ष लखीना आणि शोभना अ‍ॅलेक्स यांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर याच नोंदी नव्याने तपासून प्रसिद्ध केल्या. तेव्हापासून जगात कुठेही या वादळाचा अभ्यास होतो तो कुलाब्याच्या रेषेपासून सुरू होतो. मुंबईच्या विज्ञानाला अभिमानाने सांगावी अशी ही गोष्ट आहे, आणि ती शहरात फार कमी लोकांना माहीत आहे.

नोंदींची ही मालिका पुढे तुटली नाही याचं श्रेय कुलाबा वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्या काळाला. मुंबईत १९०७ मध्ये विजेच्या ट्राम धावू लागल्या. ट्रामचा परतीचा प्रवाह रुळांतून जमिनीत झिरपतो आणि जवळच्या चुंबकमापकाला निकामी करतो. हे आधीच ओळखून अलिबागला नवी वेधशाळा उभी केली, चुंबकत्व नाही अशी खात्री करून घेतलेल्या पोरबंदरी दगडात. तिथे १९०४ पासून नोंदी सुरू झाल्या आणि दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग बरोबरीने चालवले. दोन ठिकाणांच्या आकड्यांतला फरक असा हाताशी असल्याशिवाय जुनी मालिका नव्या मालिकेला जोडताच येत नाही.

आता सिद्धांताकडे. क्षैतिज घटक खाली का जातो? सूर्याकडून येणाऱ्या प्लाझ्माबरोबर, म्हणजे विद्युतभारित कणांच्या वायूबरोबर, चुंबकीय क्षेत्रही येतं. त्याची दिशा दक्षिणेकडे असेल तर ते पृथ्वीच्या उत्तरमुखी क्षेत्राला दिवसाच्या बाजूला भिडून जोडलं जातं आणि ऊर्जेला आत यायला वाट मिळते. जेम्स डंजी यांनी १९६१ मध्ये मांडलेलं हे चित्र आजही पाया म्हणून उभं आहे. आत आलेले प्रोटॉन आणि ऑक्सिजनचे आयन पृथ्वीच्या त्रिज्येच्या तीन ते सात पट अंतरावर पश्चिमेकडे सरकतात, इलेक्ट्रॉन पूर्वेकडे. दोन्ही मिळून पश्चिमेकडे वाहणारा वलयप्रवाह तयार होतो, आणि त्याचं चुंबकीय क्षेत्र जमिनीवर दक्षिणेकडे तोंड करतं. आपल्या उत्तरमुखी घटकातून तेवढं वजा होतं.

या वजाबाकीवरून वलयातल्या कणांची एकूण ऊर्जा थेट काढता येते. डेसलर, पार्कर आणि स्कॉपके यांचं सूत्र सांगतं की घसरणीचं विषुववृत्तावरच्या मूळ क्षेत्राशी असलेलं प्रमाण हे कणांची ऊर्जा आणि पृथ्वीबाहेरच्या चुंबकीय क्षेत्राची ऊर्जा यांच्या प्रमाणाच्या दोन तृतीयांश असतं. मूळ क्षेत्र ३० हजार नॅनोटेस्ला आणि त्याची ऊर्जा ८ गुणिले १० चा १७ वा घात ज्यूल धरली, तर १०० नॅनोटेस्लांच्या घसरणीमागे ४ गुणिले १० चा १५ वा घात ज्यूल येतात. वीजबिलाच्या भाषेत सुमारे १११ कोटी युनिट. मात्र वलय बदललं की पृथ्वीच्या पोटातही प्रवाह उठतात आणि जमिनीवरची घसरण वाढवून दाखवतात. साधारण पाव हिस्सा त्यांचा असतो. तो न वगळता ऊर्जा काढली की ती फुगते. विद्यार्थ्यांच्या गणितात सर्वांत जास्त दिसणारी चूक हीच.

दुसरं सूत्र अंदाजासाठीचं. घसरण तासाला किती वाढते, तर सौरवाऱ्याकडून (सूर्याकडून सतत वाहणाऱ्या प्लाझ्माकडून) होणारा भरणा वजा आधीच्या घसरणीचा ऱ्हास. भरण्यासाठी वाऱ्याचा वेग आणि दक्षिणमुखी क्षेत्र यांचा गुणाकार लागतो. वेग सेकंदाला ५०० किलोमीटर आणि दक्षिणमुखी क्षेत्र १० नॅनोटेस्ला असेल तर विद्युतक्षेत्र मीटरला ५ मिलीव्होल्ट. ओब्रायन आणि मॅकफेरॉन या संशोधकांनी जुन्या वादळांवरून काढलेले गुणांक वापरले तर भरणा तासाला सुमारे २० नॅनोटेस्ला, ऱ्हासाचा काळ साडेसहा तास, आणि वारा तसाच वाहत राहिला तर घसरण १३० च्या आसपास स्थिरावते. हे जोरदार वादळ झालं. आता वेग २००० आणि क्षेत्र ८० घाला: भरणा तासाला ७००, ऱ्हास अडीच तासांत, घसरण १८०० च्या जवळ. कुलाब्याच्या आकड्याशी हे इतकं सुरेख जुळतं की मोह होतो. तो आवरावा. हे गुणांक ज्या वादळांवरून काढलेत ती याच्या दहाव्या हिश्शाचीही नव्हती, आणि सौरवाऱ्याचं विद्युतक्षेत्र फार वाढलं की पृथ्वीच्या बाजूने संपृक्तता येते, म्हणजे भरणा त्या प्रमाणात वाढत नाही. जुळलेला आकडा म्हणजे पुरावा नव्हे.

आणखी एक गोष्ट खटकते. वादळाच्या मुख्य टप्प्यात वलयप्रवाह सगळीकडे सारखा नसतो. संध्याकाळच्या बाजूला तो जोरदार असतो. कुलाब्यातली घसरण मात्र दुपारच्या जवळ आली, सुमारे दीड तासात झाली आणि झपाट्याने भरूनही आली. एकट्या वलयाला इतकी घाई परवडत नाही. म्हणून आयनोस्फियरमधले (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातले) किंवा चुंबकीय रेषांवरून उतरणारे प्रवाह त्यात मिसळले असावेत, असा एक पक्ष आहे. त्यातच वादळ मोजायचा डीएसटी हा निर्देशांक ताशी सरासरीचा आणि चार वेधशाळांचा: जपानमधली काकिओका, होनोलुलू, सान हुआन आणि दक्षिण आफ्रिकेतली हर्मेनस. कुलाब्याच्या नोंदीची ताशी सरासरी काढली की १६०० चे साधारण ८५० होतात. मार्च १९८९ मध्ये डीएसटी उणे ५८९ होता आणि मे २०२४ मध्ये उणे ४०० च्या आसपास, ज्या रात्री लडाखमधल्या हानले इथून आकाश लाल दिसलं. तुलना करायची तर ८५० ची करावी. तरीही वादळ प्रचंडच राहतं.

आता दिव्यांचा प्रश्न. ट्रान्सफॉर्मरला घसरणीची खोली कळत नाही. त्याला कळतो तो बदलाचा वेग. क्षेत्र वेगाने बदललं की जमिनीत विद्युतक्षेत्र उठतं, आणि ट्रान्सफॉर्मरच्या जमिनीला जोडलेल्या न्यूट्रल तारेमधून लाइनमध्ये जवळजवळ डीसी, म्हणजे एकाच दिशेचा, प्रवाह शिरतो. ट्रान्सफॉर्मरचा गाभा प्रत्येक आवर्तनात एका बाजूने संपृक्त होतो, मग हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या पटीतले नको असलेले प्रवाह), तापणं, आणि रिअ‍ॅक्टिव्ह पॉवरची (व्होल्टेज टिकवायला लागणाऱ्या पॉवरची) अचानक मागणी. १३ मार्च १९८९ ला कॅनडातल्या क्युबेकमध्ये हेच झालं. हार्मोनिकमुळे व्होल्टेज सांभाळणारी उपकरणं एकामागून एक सुटली, सगळी यंत्रणा सुमारे दीड मिनिटात कोसळली आणि ६० लाख लोक नऊ तास अंधारात राहिले. तिथे ऑरोराचे (ध्रुवीय प्रकाशाबरोबर येणारे) प्रवाह डोक्यावर होते आणि क्षेत्र मिनिटाला शेकडो नॅनोटेस्लांनी बदलत होतं. कुलाब्यात १६०० ची घसरण दीड तासात, म्हणजे सरासरीने मिनिटाला १८.

तेवढ्याने किती व्होल्ट? जमिनीतलं विद्युतक्षेत्र, किलोमीटरला मिलीव्होल्टमध्ये, म्हणजे नॅनोटेस्लातला बदल गुणिले एक वर्गमूळ. वर्गमुळात जमिनीच्या रोधकतेची (जमीन वीज किती अडवते त्याची) पाचपट भागिले आवर्तकाल, म्हणजे बदलाच्या एका फेरीचा वेळ. बदलाचा आयाम ८००, आवर्तकाल तीन तास म्हणजे १०,८०० सेकंद, रोधकता १०० ओहम-मीटर. उत्तर येतं किलोमीटरला सुमारे १७० मिलीव्होल्ट. इथे एक सूक्ष्म गोष्ट: क्षैतिज घटक उत्तर-दक्षिण आहे, तर त्याच्या बदलाने उठणारं विद्युतक्षेत्र पूर्व-पश्चिम असतं. म्हणजे कोयनेकडून येणाऱ्या लाइनला त्रास कमी, विदर्भाकडून येणाऱ्या एसी लाइनना जास्त. ७०० किलोमीटरला १२० व्होल्ट, तेही वाटेतल्या सबस्टेशनांत विभागलेले. आणि लोक जो दख्खनचा काळा पाषाण डोळ्यांपुढे आणतात, त्याचा यात फारसा हात नाही. तीन तासांच्या आवर्तकालाला हे क्षेत्र ५०० किलोमीटर खोल उतरतं, पाषाणाची जाडी एखाद-दोन किलोमीटर. खालच्या थरांची रोधकता १००० निघाली तर उत्तर तिपटीने वाढतं. समुद्राकाठी, जिथे खारं पाणी संपून खडक लागतो, तिथेही ते वाढतं.

या हिशोबात एक छिद्र आहे आणि ते लपवू नये: १८५९ च्या दोन वाचनांमध्ये काही मिनिटांचं अंतर होतं, त्यामुळे मधल्या सेकंदांतल्या झटक्यांची नोंदच नाही. अलिबागला आज सेकंदागणिक मोजणी होते, तिचा खरा उपयोग इथे आहे. माझं मत असं की केवळ अशा वादळाने मुंबईतले ट्रान्सफॉर्मर जळणार नाहीत, पण ३१ डिसेंबर २०१३ पासून देशाचं ग्रिड एकच आहे, आणि दूर उत्तरेला काही सुटलं तर त्याचा हादरा इथवर येऊ शकतो. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली तेव्हा सूर्याचा काही संबंध नव्हता, पण बाहेरून येणाऱ्या लाइन सुटल्या की शहराचं काय होतं ते त्या दिवशी दिसलं.

मुंबईला आधी जाणवेल ते जीपीएस. आयनोस्फियरमधल्या प्रत्येक टीईसी युनिटमागे, म्हणजे चौरस मीटरच्या स्तंभातल्या १० चा १६ वा घात इलेक्ट्रॉनांमागे, एकाच वारंवारतेवर चालणाऱ्या रिसीव्हरचं अंतर १६ सेंटिमीटरने चुकतं. १०० युनिट असले तर १६ मीटर. आपण चुंबकीय विषुववृत्ताच्या उत्तरेला, इलेक्ट्रॉन वर उचलून दोन्ही बाजूंना टाकणाऱ्या पट्ट्यात आहोत, आणि वादळाचं विद्युतक्षेत्र त्या उचलण्याला जोर देतं. इथे आपला कमी अक्षांश ढाल होत नाही, उलट अडचण होतो.

इशारा किती आधी मिळेल? सूर्याकडे लक्ष ठेवणारं भारताचं आदित्य-एल१ यान पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर आहे, आणि त्याचा चुंबकमापक सहा मीटर लांब दांड्यावर बसवलाय, यानाचं स्वतःचं चुंबकत्व आड येऊ नये म्हणून. स्फोट दिसल्यापासून प्लाझ्माचा ढग पृथ्वीवर पोचेपर्यंत १८५९ मध्ये साडेसतरा तास लागले होते. तेवढ्या वेळात देखभालीसाठी बंद ठेवलेल्या लाइन परत चालू करता येतात. पण क्षेत्र दक्षिणमुखी आहे की नाही हे ढग यानावरून जाईपर्यंत खात्रीने कळत नाही. सेकंदाला ५०० किलोमीटरच्या वाऱ्यात त्यानंतर ५० मिनिटं उरतात, २००० च्या वाऱ्यात साडेबारा. साडेबारा मिनिटांत ग्रिड चालवणाऱ्या लोड डिस्पॅच सेंटरला भरलेल्या ट्रान्सफॉर्मरवरचा भार उतरवता येतो आणि रिअ‍ॅक्टिव्ह पॉवरचा साठा तयार ठेवता येतो, पण ते कोणी, कुठल्या आकड्यावर करायचं हे आधीच लिहून ठेवलेलं असलं तरच.