आतून सुरू होणारी तबकडी

नॅशव्हिलच्या आमच्या स्टुडिओत जुनी ध्वनिमुद्रणं डिजिटल करायला येतात. त्या दिवशी आली ती सोळा इंची तबकडी. ॲल्युमिनियमचा पत्रा, त्यावर काळ्या लॅकरचा थर आणि लेबलवर पेन्सिलीने १९४९ मधली तारीख. टेनेसीतल्या एका लहान रेडिओ स्टेशनवर पहाटे कंट्री गाणी म्हणणारा, निवेदन करणारा आणि जाहिरातीही वाचणारा एक गायक होता, त्याचा पंधरा मिनिटांचा कार्यक्रम. तबकडी नातीने आणली होती. सोबत याच तबकडीवरून फार पूर्वी कुणीतरी करून दिलेली कॅसेट. घरात आजोबांचा आवाज म्हणजे ती कॅसेट.

तबकडीवर पांढरी भुकटी होती. पाहणाऱ्याला बुरशी वाटते, पण ती बुरशी नसते. लॅकर मऊ राहावं म्हणून त्यात एरंडेल घातलेलं असतं. ते वर्षानुवर्षं विघटित होतं आणि त्यातली मेदाम्लं मेणासारखी वर येतात. ऊर्ध्वपातित पाणी, साबणासारख्या द्रावकाचे थेंब, अगदी किंचित अमोनिया आणि मऊ ब्रश, एवढ्यावर ती निघते. अल्कोहोल मात्र चुकूनही नाही, लॅकर विरघळतं. धुण्याआधी तिरक्या प्रकाशात तडे शोधायचे. तडा असेल तर पाणी थराखाली शिरतं आणि पापुद्रा सुटतो, मग ती चकती कायमची गेली. आमच्या तबकडीच्या कडेला केसाएवढे दोन तडे होते, म्हणून तेवढा भाग कोरडाच ठेवला.

लेबलवर मेणपेन्सिलीने लिहिलं होतं, ‘आतून सुरू’. म्हणजे मुद्रण मध्याजवळ सुरू होऊन कडेकडे जातं. रेडिओच्या तबकड्या अनेकदा अशाच कापत, म्हणजे सुईने लॅकरमध्ये चर कोरून आवाज उतरवत. कापताना लॅकरचा बारीक दोरा निघतो आणि तो मध्याकडे गोळा होतो. सुई आतून बाहेर सरकत असेल तर दोरा तिच्या वाटेत येत नाही. (हा दोरा नायट्रोसेल्युलोजचा, ठिणगी पडली तर भडकतो. तो पाण्याच्या बादलीत टाकत.) वाजवताना मात्र ही दिशा त्रास देते. टोनआर्मला, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याला, मुळातच आत ओढ असते. तडा आला की सुई मागच्या चरात पडते आणि तीच ओळ पुन्हा ऐकू येते. आर्मची आतली ओढ मारणारं वजन नेहमीपेक्षा वाढवावं लागलं.

एलपीची सुई इथे निरुपयोगी. चर रुंद असल्याने ती तळाशी लोळते आणि फक्त खरखर देते. साधारण अडीच ते तीन मिल, म्हणजे इंचाचा हजारावा भाग हे माप धरून, अशा तीन सुया सुरुवातीच्या काही सेकंदांवर लावून पाहिल्या. टोक कापलेली लंबगोल सुई सर्वांत स्वच्छ बोलली. वजन साडेतीन ग्रॅम. लॅकर मऊ असतं, दर वेळी थोडं झिजतं, म्हणून पूर्ण वाजवणी शक्यतो एकदाच करायची. मुद्रण मोनो असलं तरी स्टिरिओ कार्ट्रिजने (सुईची थरथर विजेत बदलणारा भाग) घेतो: चराच्या दोन भिंती वेगळ्या मिळतात आणि कमी दुखावलेली निवडता येते. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, इक्वलायझेशनशिवाय, म्हणजे आवाजाची उचल-उतार न करता. १९४२च्या प्रसारण मानकात बारीक, उंच आवाजांना १० किलोहर्ट्झवर सुमारे १६ डेसिबल उचल असे, ती नंतर उतरवायची.

सूर लागला आणि आम्ही ऐकत राहिलो. स्टील गिटारची धून, नमस्कार, गाणं, पिठाची जाहिरात, गाण्यांच्या पुस्तिकेची किंमत, मग कुठल्या शाळेच्या हॉलमध्ये कुठल्या वारी कार्यक्रम आहे त्याची यादी. पहाटेच्या रेडिओवर पैसे फारसे मिळत नसत. कमाई त्या यादीत होती. स्टेशन ऐकू येईल तेवढ्याच टापूत संध्याकाळी गायचं, रात्री गाडी हाणत परतायचं आणि पहाटे पुन्हा माइकसमोर. नॅशव्हिलच्या डब्ल्यूएसएम या स्टेशनचे ५०,००० वॅट होते, त्याचा टापू अनेक राज्यांचा. लहान गावांतली बरीच स्टेशनं २५० वॅटची, म्हणून काही काळाने टापू गाऊन संपायचा आणि बिऱ्हाड दुसऱ्या स्टेशनच्या गावी हलायचं. दौऱ्यावर असताना हजेरी लावायची ती तबकडीने. प्रसिद्ध कंट्री गायक हँक विल्यम्सही १९५१ मध्ये डब्ल्यूएसएमवर पिठाच्या कंपनीसाठी असाच सकाळचा कार्यक्रम करी. त्या तबकड्या कचऱ्यात जाता जाता वाचल्या. आमचा गायक ‘सुप्रभात’ म्हणतो, पण हवामानाबद्दल अवाक्षर काढत नाही. आधी भरून ठेवलेल्या कार्यक्रमाची ही पक्की खूण.

गडबड शेवटच्या भजनाला लक्षात आली. सुरुवातीचं गाणं पांढरी पाचमध्ये, किंचित चढं. भजनही त्याच पट्टीत बसायला हवं, पण ते पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधोमध पोचलं होतं. माझा सहकारी म्हणाला, रंगात आल्यावर गायक चढतोच. गायक चढेल हो, पण गिटारच्या मोकळ्या तारा कशा चढतील? शिवाय लांबी भरली १४ मिनिटं १४ सेकंद, आणि पाव तासाचा कार्यक्रम साधारण साडेचौदाचा करत.

मुद्रणात विजेची घरघर उतरलेली असते. अमेरिकेत ६० हर्ट्झ, आपल्याकडच्या मुद्रणात ५०. ती मोजली तर तबकडी कापतानाचा वेग कळतो. पहिल्यांदा मीच फसलो: आलेख ठाम ६०.० दाखवत राहिला. ती आमच्याच ॲम्प्लिफायरची घरघर निघाली. सुई उचलून मोजलं तरी ती तिथेच. अर्थिंग नीट करून पुन्हा पाहिल्यावर तिच्या शेजारी दुसरं, फिकट शिखर दिसलं. आरंभी ६०.४, शेवटी ६१.८.

कारण कापण्याच्या यंत्रात होतं. रबरी चाकाने फिरणारं टेबल असावं. कापणारी सुई रुतून टेबलाला अडवते, आणि ती केंद्रापासून जितकी लांब तितका अडवणुकीचा जोर वाढतो. इथे ती आतून बाहेर जात होती, चाक अधिकाधिक घसरत गेलं, टेबल मंदावत गेलं. मंद कापलेलं योग्य वेगाने वाजवलं की चढं ऐकू येतं.

दर दहा सेकंदांनी घरघर मोजून वक्ररेषा काढली आणि त्याप्रमाणे वेग उतरवला. सूर आणि लय एकत्रच उतरायला हव्यात, फक्त सूर उतरवणारं साधन वापरलं तर लय खोटीच राहते. गाणाऱ्याचा गळा प्रमाण धरायचा नाही, तो मुद्दाम मींड घेतो. शेवटी लांबी आली १४ मिनिटं २९ सेकंद, आणि भजन पांढरी पाचवर बसलं.

आवाज आता जरा भरदार, थकलेला वाटत होता. नातीने ऐकून मान हलवली, हे आजोबा नाहीत. तिने लहानपणी ते भजन कॅसेटबरोबर म्हटलं होतं, त्याच चढ्या पट्टीत. वाद घातला नाही. न बदललेली मूळ फाइल आम्ही नेहमी देतोच. ती, दुरुस्त केलेली फाइल आणि वक्ररेषेचे आकडे एकत्र दिले. तिसरी प्रत तिने मागून घेतली, कॅसेटची, जशी आहे तशी.

तबकडी आम्लरहित पाकिटात उभी ठेवली. पाकिटावर मीही तेच लिहिलं, ‘आतून सुरू’.