कागदाचा फोन आणि पाच माणसं

माझं काम कळलं की पुढचा प्रश्न हमखास येतो: "अ‍ॅप तयार व्हायच्या आधीच तपासता, म्हणजे नेमकं काय तपासता? आणि तेही पाच माणसांना दाखवून?" तुम्हीही विचारलंत, म्हणून सविस्तर सांगते.

एका पतसंस्थेच्या पिग्मी एजंटांसाठी अ‍ॅप करायचं होतं. एजंट रोज दुकानोदुकानी फिरून बचतीचे पन्नास-शंभर रुपये गोळा करतो, ती ही पिग्मी. प्रोग्रॅमची एक ओळही लिहिलेली नव्हती. फोनच्या आकाराच्या कागदांवर आम्ही पेन्सिलीने स्क्रीन काढले होते. एजंटकाकांनी कागदावरच्या बटणावर बोट ठेवलं की मी तो कागद उचलून पुढचा ठेवायची. फोन कागदाचा, आतलं मशीन मी.

पहिल्याच स्क्रीनवर होतं, 'खाते क्रमांक टाका'. काकांचं बोट तिथवर आलं आणि थांबलं. मग त्यांनी खिशातून छोटी डायरी काढली. तिच्यात नंबर नव्हतेच. नावं होती, रस्त्यात दुकानं लागतात त्या क्रमाने: चहावाला, झेरॉक्स, टेलर, मेडिकल. "नंबर कोण बघतो? मी लाईन धरून जातो," ते म्हणाले. आमच्या तीन आठवड्यांच्या बैठकांत 'लाईन' हा शब्द एकदाही निघाला नव्हता. शेवटच्या बटणावर 'सादर करा' असं होतं. काकांनी विचारलं, "कुणाला?"

संध्याकाळी आम्ही खोडरबर घेऊन बसलो. दुसऱ्या दिवशी पहिला स्क्रीन दुकानांच्या यादीचा होता आणि बटणावर लिहिलं होतं 'पैसे मिळाले'. हीच गोष्ट अ‍ॅप पूर्ण झाल्यावर कळली असती तर सगळं मुळापासून उसवावं लागलं असतं. खरं सांगायचं तर कुणी उसवलं नसतं. एजंटांना दोन दिवसांचं ट्रेनिंग दिलं असतं, म्हणजे आमची चूक त्यांच्या गळ्यात. मला याची फार चीड येते.

कागदाचा आणखी एक फायदा आहे. चकचकीत स्क्रीन पुढे केला की लोक भिडेखातर 'छान आहे' म्हणतात. पेन्सिलीचं काम दिसलं की बिनधास्त बोलतात, कारण अजून काही ठरलेलं नाही हे त्यांना दिसतं.

ही वाट जुनी आहे. १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी आयबीएमने खेळाडूंना निरोप ठेवता-ऐकता येतील अशी यंत्रणा केली. जॉन गूल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी खेळाडू काय दाबेल, यंत्र काय बोलेल, हे कागदावर लिहून लोकांना वाचायला दिलं. नंतर किऑस्कचा, म्हणजे ते यंत्र ज्यात बसणार त्या खोक्याचा, नुसता पोकळ सांगाडा आपल्याच इमारतीत येण्याजाण्याच्या वाटेवर उभा केला, आणि जाता-येता लोक त्यातल्या चुका काढू लागले.

आता पाचांचं. माणसं यंत्रं कशी वापरतात याचे अभ्यासक याकोब निल्सन आणि थॉमस लँडाउअर यांनी १९९३ मध्ये याचं गणित मांडलं. त्यांनी पाहिलेल्या प्रकल्पांत एका माणसाकडून सरासरी ३१ टक्के अडचणी उघड होत होत्या. त्या हिशेबाने पाच जणांत सुमारे ८५ टक्के निघतात, पुढचा माणूस बहुतेक तेच तेच दाखवतो. मात्र पाचही जण एकाच तऱ्हेचे हवेत. एजंट पाच, तर दुकानदार वेगळे पाच. दुरुस्ती केली की पुन्हा पाच. आणि पाच जणांवरून कुणी 'ऐंशी टक्के लोकांना आवडलं' म्हणालं तर विश्वास ठेवू नका. ते अडथळे दाखवायला पुरतात, मोजमापाला नाही.

यात सगळ्यात अवघड काम गप्प बसण्याचं. समोरचा अडला की जीभ नुसती वळवळते. पण आपण सांगून टाकलं की तो कुठे अडतो तेच हातून निसटतं.

त्याच कामात एका टेलरताईंना मी पैसे भरल्यावर येणाऱ्या मेसेजचा कागद दिला. 'आपल्या खात्यात रु. १०० क्रेडिट झाले.' त्यांनी तो तीनदा वाचला. मी पेन्सिल घट्ट धरून बसले होते. शेवटी त्यांनी विचारलं, "म्हणजे कापले का?" आणि लगेच ओशाळून म्हणाल्या, "माझंच चुकत असेल हो, मला इंग्रजी येत नाही."

"ताई, चूक कागदाची आहे," म्हणत मी पेन्सिल त्यांच्या हातात दिली. त्यांनी 'क्रेडिट'वर काट मारली आणि वर सावकाश लिहिलं, 'जमा'.