तपासणीचा खर्च ज्याचा, कापसाचा कागद त्याचा

बीटी (बोंडअळीला मारणारं जनुक घातलेला) आणि बिगर-बीटी कापसाचे दोन ढीग शेजारी शेजारी घाला. मुरलेला व्यापारीसुद्धा नुसतं पाहून कोणता कुठला ते सांगू शकणार नाही. बाकी सगळं तो सांगतो. मूठभर कापूस उचलून बोटांनी धागा ओढतो, लांबी बघतो, ओलावा, कवडी (किडका, डागाळलेला कापूस), कचरा जोखतो आणि भाव बोलतो. खेडा खरेदीची गाडी आली, काटा लागला, कट्टीवरून, म्हणजे वजनातल्या कपातीवरून, थोडी हुज्जत झाली की सौदा संपतो. विकणारा कोण, त्यानं जूनमध्ये कोणतं बियाणं टोबलं, याच्याशी घेणाऱ्याला देणंघेणं नसतं.

वर्धा जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत मी सेंद्रिय कापसाच्या गटाचं अंतर्गत नियंत्रण, म्हणजे शेतांची पाहणी आणि नोंदी, सांभाळते. सेंद्रिय कापसात बीटी चालत नाही, त्यामुळे आमच्या मालाची किंमत नेमकी त्या न दिसणाऱ्या गोष्टीत आहे. म्हणून आमचा सौदा पाच मिनिटांत कधीच होत नाही. तो पेरणीच्या आधी सुरू होतो आणि गाठी गिरणीत पोचल्या तरी कागदावर चालूच असतो.

अर्थशास्त्रज्ञ रोनाल्ड कोस यांनी १९३७ साली एक साधा प्रश्न विचारला होता: बाजार जर सगळं जुळवून देतो, तर कंपन्या असतात कशाला? त्यांचं उत्तर असं की बाजार वापरायलाही खर्च येतो. माणूस शोधायचा, भाव ठरवायचा, करार करायचा, तो पाळला का ते बघायचं. पुढे ऑलिव्हर विल्यमसन यांनी हा धागा बराच लांब नेला आणि २००९ साली त्यांना एलिनॉर ऑस्ट्रॉम यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. हा व्यवहार खर्च किती आणि कुणाच्या अंगावर पडतो, त्यावरून साखळीची सूत्रं कुणाकडे जातात ते ठरतं. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहून मला हे जितकं स्पष्ट दिसतं, तितकं कुठल्या कार्यशाळेत दिसलेलं नाही.

खर्च बियाण्यापासूनच लागतो. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली आणि काही वर्षांतच कृषी केंद्रांच्या फळीवरून बिगर-बीटी बियाणं जवळजवळ नाहीसं झालं. ते शोधायला अकोल्याचं विद्यापीठ, नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था, परभणीचं विद्यापीठ असे फोन करत बसावं लागतं. बियाणं आलं तरी पेरणीआधी नमुना तपासायचा. उगवल्यावर पानाचा तुकडा छोट्या नळीत कुटून द्रावणाचे थेंब टाकायचे, पट्टी बुडवायची आणि थांबायचं. एक रेघ आली तर ठीक. दोन आल्या तर क्राय१एसी प्रथिन आहे, म्हणजे बीटी. शेजारच्या रानात काय आहे तेही बघावं लागतं, कारण कापूस बहुतांशी स्वपरागी असला तरी मधमाशी धुरा मानत नाही. त्यात परवानगी नसलेल्या तणनाशक-सहनशील वाणाची पाकिटं आपल्या भागात सर्रास फिरतात. २०१९ च्या जूनमध्ये अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला शेतकरी संघटनेनं ते बियाणं जाहीरपणे पेरलंच होतं. त्या शेतकऱ्यांची बाजू मला कळते, निंदणाच्या मजुरीचा भार मी रोज ऐकते. पण त्यांच्या शेजाऱ्याचा तपासणीचा खर्च त्यानं वाढतो, हेही तितकंच खरं.

मग वेचणी. बीटीच्या कोठ्यात आमचा कापूस पडता कामा नये, गाडी झाडून घ्यायची, जिनिंगमध्ये आमच्या मालासाठी वेगळा दिवस ठरवायचा, त्याआधी रेचे, म्हणजे रूई काढणारी यंत्रं, साफ करून घ्यायचे. रूई आणि सरकी वेगळी झाली, १७० किलोची गाठ दाबली गेली की आत काय मिसळलंय ते वेगळं काढणं अशक्य. प्रयोगशाळेतली पीसीआर चाचणी रूईत जनुकाचा माग काढते (त्यासाठी २०१९ पासून आयडब्ल्यूए ३२ नावाची आंतरराष्ट्रीय पद्धतही आहे), पण पुढे कापडावर प्रक्रिया होत गेली की डीएनए तुटत जातो आणि निकालावर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून जी काही खात्री करायची ती शेत आणि जिनिंग यांच्या मध्येच. दुकानात सदरा घेणाऱ्याला ती कधीच करता येणार नाही.

दोन-चार एकरवाल्या शेतकऱ्याला हे एकट्यानं झेपत नाही. म्हणून राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमात, म्हणजे एनपीओपीत, गट प्रमाणीकरणाची सोय आहे: २५ ते ५०० शेतकऱ्यांचा गट, प्रत्येक शेताची वर्षातून दोनदा अंतर्गत पाहणी, वर प्रमाणीकरण संस्थेची तपासणी. सोय चांगली आहे. पण प्रमाणपत्र गटाचं असतं, शेतकऱ्याच्या नावाचं नसतं. आणि गटाचा खर्च जो उचलतो, तो ते स्वतःच्या कपाटात ठेवतो. कापूस उद्योगात हा खर्च वर्षानुवर्षे बऱ्याच ठिकाणी जिनिंगवाल्यांनी, निर्यातदारांनी उचलला. त्यामुळे रान शेतकऱ्याचं, पेरणीआधीची दोन रूपांतरणाची (रासायनिककडून सेंद्रियकडे जाण्याची) वर्षं त्यानं काढलेली, उत्पन्नाची घट त्यानं सोसलेली, आणि त्यानं दुसऱ्या कुणाला माल द्यायचा म्हटलं की तोच कापूस साधा कापूस होतो.

आमची कंपनी होण्याआधी आमच्या भागात एक खरेदीदार असाच गट चालवायचा. जूनमध्ये बाजारभावावर चांगली रक्कम जास्त देण्याचं बोलणं झालेलं असायचं. दिवाळीच्या सुमारास कापूस घरात आला की निरोप यायचा, यंदा मागणी कमी आहे, तेवढं जमणार नाही. शेतकऱ्याच्या घरी हरभऱ्याच्या बियाण्याचा खर्च उभा, दुकानाची उधारी उभी. एक काका मला म्हणाले होते, "ताई, वावर माहं, कापूस माहा, पन नाव त्याच्या फाइलीत हाय. कोनाले विकू मी?" विल्यमसन यांच्या पुस्तकी मांडणीत याला अडवणूक म्हणतात: एकाच व्यवहाराला उपयोगी पडेल अशी गुंतवणूक एकदा करून बसलात की समोरचा नंतर अटी बदलू शकतो. काकांना त्या मांडणीची गरज नव्हती.

२०२० च्या ऑक्टोबरमध्ये आणखी एक घाव बसला. भारतातल्या सुमारे २०,००० टन कापसाला खोटी व्यवहार प्रमाणपत्रं (विकलेला माल सेंद्रिय असल्याचे दाखले) लावल्याचं गॉट्स या सेंद्रिय कापडाच्या जागतिक मानक संस्थेनं उघड केलं. सेंद्रिय मालाचा माग ठेवणाऱ्या सरकारी ट्रेसनेट प्रणालीची नक्कल करणारं संकेतस्थळसुद्धा कुणीतरी बनवलं होतं. गॉट्सनं ११ कंपन्यांवर बंदी घातली. ही फसवणूक कागदात झाली. पण त्यानंतर वाढलेल्या चाचण्या, जास्तीच्या पावत्या आणि उशिरा होणारे चुकारे खाली सरकत सरकत आमच्या शेतनोंदींच्या डायऱ्यांपर्यंत आले. दुसऱ्याच्या लबाडीचा तपासणी खर्च प्रामाणिक गटानं भरायचा, याचा मला आजही संताप येतो.

यातून वाट काढताना आम्हाला देशी कापसाचा फार आधार झाला, आणि त्याबद्दल जरा सविस्तर सांगते. अकोल्याचा एकेए-७, परभणीचा पीए २५५ म्हणजे परभणी तुराब, पीए ४०२ म्हणजे विनायक, हे आर्बोरियम, म्हणजे देशी, जातीचे वाण. देशी कापसात २६ गुणसूत्रं, बीटीचे संकर अमेरिकन जातीचे, त्यांच्यात ५२. त्यामुळे शेजारच्या बीटीचा परागकण देशीवर येऊन पडला तरी सहजासहजी संकर होत नाही. देशी कापसात बीटीचं कुठलंही वाण बाजारात नाही. आणि देशीचं पान खोल कातरलेलं, बोटांसारखं अरुंद असतं. धुऱ्यावरून नजर टाकली की एखादं परकं झाड लगेच ओळखू येतं, उपटता येतं. जे तपासायला पट्टी लागायची ते डोळ्यांना दिसू लागलं. शिवाय सरळ (संकरित नसलेले) वाण असल्यानं घरचं बियाणं राखता येतं. अडचणी आहेतच. बोंड लहान, वेचणीची मजुरी जास्त, उमललेला कापूस लवकर गळतो. जुन्या देशी वाणांचा धागा आखूड, म्हणून परभणीच्या लांब धाग्याच्या वाणांकडे आमचा ओढा आहे. प्रयोगशाळेची चाचणीही टळत नाही. पण गटातल्या गटात विश्वास ठेवायला लागणारी मेहनत निम्म्यानं हलकी झाली असं मी अनुभवानं म्हणेन, आणि ज्याला स्वतःच्या डोळ्यांनी खात्री देता येते तो भावाच्या बोलणीत वेगळ्या आवाजात बोलतो.

२०२५ च्या जानेवारीत एनपीओपीची आठवी आवृत्ती आली. तिच्यात सेंद्रिय उत्पादक गटालाच कायदेशीर अस्तित्व देण्याची तरतूद आहे. मला हा बदल मनापासून हवा होता. पण गटाच्या नावावर कागद आला आणि तपासणीचं बिल खरेदीदारच भरत राहिला, तर कपाट फक्त नावाला आपलं राहील. म्हणून आमच्या संचालक मंडळापुढे मी यंदा मांडलं ते असं: चाचणीचा आणि पाहणीचा खर्च आधी कंपनीच्या भागभांडवलातून भरायचा, तो प्रति क्विंटल किती पडतो हे काढून खरेदीदाराच्या भावात वेगळ्या ओळीत लावायचा, आणि भावाचं सूत्र पेरणीआधी लेखी घ्यायचं. एका खरेदीदारानं पहिल्या दोन गोष्टी मान्य केल्यात. तिसरीवर तो अजून अडून आहे, आणि ती मिळाल्याशिवाय आम्ही बियाणं वाटायला घेणार नाही.