कॅनिफ यांनी ‘टेरी’ का सोडली?

वृत्तपत्रांतल्या चित्रमालिकांवर मी कुठेही बोललो, तरी शेवटी एक प्रश्न हमखास येतो. मिल्टन कॅनिफ यांनी ‘टेरी अँड द पायरट्स’ ही बारा वर्षे रात्रीचा दिवस करून वाढवलेली साहसकथा ऐन भरात असताना दुसऱ्याच्या हाती कशी काय सोपवली? विचारणारे बहुधा उत्तरही बरोबर घेऊनच येतात : दुसऱ्या मालकाने जास्त पैसे देऊ केले असतील. पैसे जास्त होते, हे खरेच आहे. पण तेवढ्याने उत्तर पुरे होत नाही, आणि उभ्याउभ्या दोन वाक्यांत ते सांगायला गेले की कॅनिफ यांच्यावर अन्याय होतो, असे मला वाटत आले आहे. तुम्ही विचारलेत म्हणून आज ते नीट लिहून काढतो.

कॅनिफ यांचा जन्म २८ फेब्रुवारी १९०७ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात हिल्सबरो या लहानशा गावी झाला. ओहायो स्टेट विद्यापीठात शिकत असताना त्यांना चित्रांइतकेच नाटकाचेही वेड होते आणि नट व्हावे की चित्रकार, हे त्यांचे ठरत नव्हते. कोलंबसच्या ‘डिस्पॅच’ या दैनिकात त्या वेळी बिली आयर्लंड हे नामवंत व्यंगचित्रकार होते. शाईच्या दौतीला धरून राहा, नटांना रोजचे जेवण मिळेलच असे नसते, असा सल्ला त्यांनी या मुलाला दिला. कॅनिफ यांनी तो मानला. पण रंगभूमी काही त्यांच्या हातातून सुटली नाही. त्यांच्या चौकटींत पात्रे कुठे उभी राहतात, कोण पाठमोरे असते आणि दिवा कुठून येतो हे पाहिले की, कागदावर कुंचला टेकवण्याआधी या माणसाने मनात पडदा वर केलेला आहे, हे लक्षात येते.

१९३२ मध्ये ते न्यूयॉर्कला असोसिएटेड प्रेसमध्ये रुजू झाले आणि पुढच्याच वर्षी तिथे त्यांची ‘डिकी डेअर’ ही मालिका सुरू झाली. ती ‘न्यूयॉर्क डेली न्यूज’चे प्रमुख जोसेफ पॅटरसन यांच्या नजरेत भरली. पॅटरसन यांना चित्रमालिकांची विलक्षण जाण होती. पूर्वेकडच्या मुलखात घडणारी साहसकथा हवी, असे त्यांनी सांगितले. कॅनिफ यांनी नायकाचे नाव टॉमी टकर ठेवले होते. पॅटरसन यांनी सुचवलेल्या नावांतून टेरी निवडले आणि त्यापुढे ‘अँड द पायरट्स’ जोडले. २२ ऑक्टोबर १९३४ रोजी रोजच्या चौकटींची पहिली पट्टी छापून आली. कॅनिफ यांनी तेव्हा चीन पाहिलेला नव्हता. ग्रंथालयातली पुस्तके आणि छायाचित्रे यांच्या आधारावर त्यांनी बंदरे, नौका आणि गल्ल्या उभ्या केल्या. कॉनी या चिनी साथीदाराचे चित्र मात्र त्या काळातल्या अमेरिकी वाचकांच्या ठोकळेबाज कल्पनांतून आलेले आहे. ते आज पाहताना मला त्रास होतो आणि कॅनिफ माझे आवडते असले तरी त्यावर पांघरूण घालावे असे मला वाटत नाही.

सुरुवातीच्या महिन्यांतली त्यांची रेषा बारीक, निबने ओढलेली आणि काहीशी भित्री आहे. तिला वळण लागले ते नोएल सिकल्स या मित्रामुळे. दोघे एकाच स्टुडिओत काम करत. सिकल्स ‘स्कॉर्ची स्मिथ’ ही वैमानिकाची मालिका काढत असत आणि प्रत्येक वस्तूची बाह्यरेषा ओढत बसण्याऐवजी ओल्या कुंचल्याने सावलीचे काळे पुंजके टाकून, उरलेल्या पांढऱ्या कागदालाच प्रकाश करून घेण्याची रीत त्यांनी शोधली होती. कॅनिफ यांनी ती उचलली आणि कथेच्या कामाला लावली. माझ्या टेबलासमोर त्यांच्या एका पट्टीची मोठी केलेली प्रत लावलेली आहे. तिच्यातल्या कोटाकडे मी कित्येकदा भिंग घेऊन पाहिले आहे. कोटाची कड कुठेच ओढलेली नाही. बाहीवर काळ्या शाईचे चार फराटे आहेत, त्यांच्यामध्ये पांढऱ्या फटी आहेत आणि आपला डोळा त्या फटींवरून ओले, जाड कापड स्वतःच विणून घेतो. रोज एक पट्टी आणि रविवारचे रंगीत पान हा रेटा सांभाळून हे करायचे म्हणजे काय, हे ज्याने एकदा तरी मुदतीच्या आत पट्टी शाईत पुरी केली आहे त्याला सांगावे लागणार नाही.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यांची पात्रे वयाने वाढत आणि मरतही. १९३४ मधला पोरगेला टेरी महायुद्धाच्या काळात वैमानिक झाला. १६ ऑक्टोबर १९४१ च्या पट्टीत रेव्हन शर्मन ही सहृदय तरुणी मरण पावली, तेव्हा घरातले माणूस गेल्यासारखी वाचकांची पत्रे आली, फुलेही आली. दोन वर्षांनी, १७ ऑक्टोबर १९४३ च्या रविवारी आलेले पान तर अमेरिकी काँग्रेसच्या कामकाजाच्या नोंदीत समाविष्ट झाले. त्यात घडत काहीच नाही. टेरीला नुकतेच वैमानिकाचे पंख मिळाले आहेत आणि कर्नल फ्लिप कॉर्किन त्याला जरा फिरून येऊ म्हणून बाहेर नेतात. विमान बनवणारे, ते दुरुस्त करणारे, इंधन आणि गोळ्या तुझ्यापर्यंत पोहोचवणारे यांना विसरू नकोस, जेवणाच्या टेबलावरून कायमचे उठून गेलेले कितीतरी चांगले लोक तुझ्यावर भिस्त ठेवून आहेत, असे ते त्याला सांगतात. दोन माणसे चालत आहेत आणि एक बोलत आहे, एवढ्यावर पूर्ण रविवार पेलायचा, हे धाडस नाटकात वाढलेल्या माणसालाच सुचावे. कॉर्किन हे पात्रही हवेतून आलेले नव्हते. कॅनिफ यांच्या ओळखीचे वैमानिक फिलिप कॉक्रन यांच्यावरून ते घेतलेले होते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. त्या काळी चित्रमालिका सिंडिकेटमार्फत, म्हणजे वितरण करणाऱ्या कंपनीमार्फत, देशभरच्या वृत्तपत्रांना विकली जाई आणि करारानुसार तिचे नाव, तिची पात्रे, सारे सिंडिकेटच्या मालकीचे असे. चित्रकार आजारी पडला, भांडला किंवा मेला, तर दुसरा नेमून काम पुढे चालू ठेवण्याचा हक्क त्यांचा. हे कॅनिफ यांना कागदावर ठाऊक होते. युद्धकाळात ते अनुभवालाही आले. शिरेच्या दाहामुळे त्यांना सैन्यात घेतले गेले नव्हते, म्हणून लष्करी छावण्यांतल्या वृत्तपत्रांसाठी १९४२ मध्ये त्यांनी ‘टेरी’चीच एक वेगळी पट्टी विनामूल्य काढायला घेतली आणि तीत बर्मा या आपल्या पात्राला आणले. ‘टेरी’ विकत घेणाऱ्या एका वृत्तपत्राने तक्रार केली, सिंडिकेटने हरकत घेतली आणि कॅनिफ यांना बर्माला मागे घ्यावे लागले. स्वतः जन्माला घातलेली व्यक्तिरेखा सैनिकांसाठी फुकट काढायलाही त्यांना परवानगी नव्हती. त्यांनी तिच्या जागी मिस लेस ही नवी नायिका घडवली, १९४३ च्या सुरुवातीला पट्टीचे नाव ‘मेल कॉल’ झाले आणि युद्ध संपल्यावरही, मार्च १९४६ पर्यंत ती चालली. माझ्या मते कॅनिफ यांनी ‘टेरी’ मनातून सोडली ती त्या आठवड्यांत. राजीनामा पुढे आला.

‘शिकागो सन’ या दैनिकाचे मालक मार्शल फील्ड यांच्याकडून प्रस्ताव आला, त्यात भक्कम उत्पन्नाच्या हमीबरोबर नव्या मालिकेची संपूर्ण मालकी होती. ही बातमी १९४५ च्या सुरुवातीलाच फुटली आणि जुना करार संपेपर्यंत, आपण जाणार हे सगळ्यांना माहीत असताना, कॅनिफ जवळजवळ दोन वर्षे ‘टेरी’ काढत राहिले. या दोन वर्षांविषयी मला कोणी विचारत नाही, याचे वाईट वाटते. आपल्या हातातून जाणाऱ्या, दुसऱ्याच्या मालकीच्या पात्रांसाठी त्यांनी कुंचला सैल धरला नाही. २९ डिसेंबर १९४६ चे त्यांचे शेवटचे पान बर्फातल्या निरोपाचे आहे, आणि त्यांच्या सर्वांत देखण्या पानांत मी ते धरतो.

मी हे इतक्या पोटतिडकीने का सांगतो, तेही सांगायला हवे. तरुणपणी एका नियतकालिकासाठी मी सहा वर्षे एक लहान मुलगी काढत होतो. मोबदल्यावरून बेबनाव होऊन मी बाहेर पडलो आणि पुढच्याच अंकात ती मुलगी दुसऱ्याच्या हातची छापून आली. केस तसेच, झगा तसाच. पण ती उभी राहायची ती एका पायावर भार टाकून, आणि आता ती दोन्ही पायांवर ताठ उभी होती. त्या चित्रकाराची यात काहीच चूक नव्हती. मी पाहिला तो तिचा पाय, आणि तो अंक पुन्हा उघडला नाही.

‘स्टीव्ह कॅन्यन’ १३ जानेवारी १९४७ रोजी सुरू झाली. त्याच तारखेच्या ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर कॅनिफ होते. एकही चित्र न पाहता कितीतरी वृत्तपत्रांनी ती आधीच विकत घेतली होती. तिचा दर्जा ‘टेरी’च्या उंचीवर सतत राहिला असे मी म्हणणार नाही. कोरियन युद्धाच्या वेळी कॅन्यन हवाई दलात परतला, व्हिएतनाम युद्धाच्या काळात त्याची लष्करनिष्ठा अनेक वाचकांना नकोशी झाली आणि वृत्तपत्रे गळत गेली. पट्ट्यांसाठी मिळणारी जागाही आक्रसत गेली, आणि सावल्यांवर जगणाऱ्या चित्राचा तिथे जीव गुदमरतो. तरीही एकेचाळीस वर्षे कॅनिफ तिची कथा स्वतः रचत राहिले. चित्रांत त्यांना मदतनीस होते. पण मालिका कुठे जाणार, याचा निर्णय दुसऱ्या कोणी घेतला नाही.

‘टेरी’ जॉर्ज वंडर यांच्याकडे गेली आणि १९७३ पर्यंत चालली, म्हणजे तिच्या जन्मदात्याने काढली त्याच्या दुपटीहून अधिक वर्षे. कॅनिफ ३ एप्रिल १९८८ रोजी न्यूयॉर्कमध्ये वारले. आपल्यामागे ‘स्टीव्ह कॅन्यन’ दुसऱ्या कोणी चालवू नये, असे त्यांनी ठरवून ठेवले होते, आणि या वेळी त्यांचे म्हणणे मोडण्याचा अधिकार कोणत्याही सिंडिकेटला नव्हता. आधीच तयार असलेल्या पट्ट्या जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत छापून आल्या. निरोपाच्या पट्टीत कॅन्यन नव्हता. तिथे अठ्ठ्याहत्तर चित्रकारांनी सह्या केल्या होत्या.