तुम्ही विचारलंत म्हणून: वरोऱ्यात समुद्र कुठं आहे?

वरोरा तालुक्यातल्या खेड्यात बसून सर्फिंगचं, म्हणजे बोर्डवर उभं राहून लाटेवर स्वार व्हायच्या खेळाचं, मराठी चॅनल कसं काय चालवता, समुद्र कुठंय तुमच्याकडे, हे लग्नात, बँकेत, एसटीत, सगळीकडे विचारून झालंय, म्हणून एकदाच लिहून टाकते.

समुद्र नाहीये. मान्य. पण लाटांचा अंदाज देणारी सरकारची इन्कॉइस हैदराबादला आहे, तिच्या दारात कोणता बीच आहे? सर्फिंगचा जगज्जेता केली स्लेटरनं 2015 मध्ये मशीनची लाट दाखवली ती कॅलिफोर्नियात लेमूरला, समुद्रापासून शंभरावर किलोमीटर आत, आणि त्या भागात चक्क कापूस पिकतो. त्याला कोणी म्हणत नाही, काहून बाप्पा इथं? आणि मी पाण्यात उतरलेच नाही असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी, चंद्रपूरहून जीटी एक्सप्रेस पकडली की दुसऱ्या दिवशी चेन्नई, तिथून जवळचं कोवलम (केरळातलं नव्हे), आम्हाला मुंबईपेक्षा तोच समुद्र सोयीचा. फुटून आलेल्या फेसाच्या लाटेवर उभी राहते मी. त्याच्या पुढचं अजून जमत नाही.

आधी मी तडकून लिहायची की क्रिकेटवर बोलणारे सगळे काय रणजी खेळलेत का. आता ते वाचलं की वाटतं, अगं बाई, लोक ते विचारतच नव्हते. त्यांना बैलगाडीवाला व्हिडिओ विचारायचा असतो. मग सरळ विचारा ना.

2024 च्या ऑलिम्पिकचं सर्फिंग ताहितीत तेआहुपोला होतं. तिथले सकाळचे सात म्हणजे आपले रात्रीचे साडेदहा. पावसानं लाईट गेली तर मोबाईलवर, पण मी रोज बोलत होते, की सगळ्यात चांगल्या दोनच लाटांचे मार्क धरतात, की स्वेलचा, म्हणजे लांबून येणाऱ्या लाटांचा, पिरियड म्हणजे दोन लाटांमधले सेकंद आणि ते वाढले की लाटेत दम का येतो. ब्राझीलच्या गॅब्रिएल मेदिनानं एका लाटेला दहापैकी 9.90 घेतले तेव्हाही ऐकणारे बोटावर मोजण्याइतकेच.

मग पोळा झाल्यावर एका मोठ्या चॅनलची टीम आली. मला वाटलं मुलाखत. त्यांनी भाड्याचा बोर्ड आणलेला, खालच्या फिन, म्हणजे पंख, उलट्या लावलेल्या. तो बैलगाडीवर ठेवायचा, मी वर हात पसरून उभं राहायचं आणि बाबांनी गाडी कपाशीतून हाकायची. बाबा म्हणाले, "कपाशीतून? पात्या लागल्या न बाप्पा." मग पांदणीनं हाकायचं ठरलं. बोर्डाला वॅक्स नाही, पाय टिकणार नाही, हे मी सांगितलं तर म्हणाले घसरलात तर अजून मस्त. ऊन तापलेलं, बैलांच्या तोंडाला फेस, आणि तो पोरगा आपला, "काका, अजून एकदा, जरा हसा ना." बाबा हसले. पटवाऱ्यापुढे हसतात तसलं. पुढं चाक खड्ड्यात गेलं, बोर्ड सटकला, मी चिखलात, आणि तेवढंच त्यांनी वापरलं, वर हसण्याचा आवाज टाकून. पिरियड-बिरियड सगळं कापलं.

व्हिडिओ तुफान चालला. कॉमेंट माझ्यावर असत्या तर चाललं असतं, पण त्या बाबांच्या फाटक्या बनियानवर होत्या. बाबांकडे साधा फोन आहे, पण पानठेल्यावर दाखवणारे असतातच. घरी आले, बैलांना कुटार टाकलं आणि जेवताना म्हणाले, "पैसे भेटले का?" नव्हते भेटले. "मंग काहून केलं?"

आता दुसरी बाजू, जी मी कुठं सांगत नाही. त्याच आठवड्यात माझं चॅनल वाढलं, पहिली जाहिरात आली. 2025 मध्ये महाबलीपुरमच्या आशियाई सर्फिंग स्पर्धेत रमेश बुदिहाळनं ब्राँझ घेतलं, असं वैयक्तिक मेडल घेणारा पहिला भारतीय, तेव्हा मराठीत ऐकायला जे आले त्यातले बरेच बैलगाडीवरूनच आलेले. ते थांबले कशासाठी, माझ्या बोलण्यासाठी की मी परत कधी पडते ते बघायला, हे मला ओळखता येत नाही आणि रात्री दोनला ओळखायचंही नसतं. त्या टीमचा राग आहे का? आहे. वीजबिल कशातून भरते? त्यातूनच.

यंदा त्यांना परत यायचंय. ट्रॅक्टरवर करू म्हणतात, पैसेही देऊ म्हणतात. मी नाही म्हटलं, आणि मग किती ते विचारलं. बाबांचं म्हणणं, "ट्रॅक्टर कोनाचा आनते ते पयले विचार, डिझेल आपल्या अंगावर नको."